उणे 1 अंशाला हिमनदीवर पाऊस कसा पडतो? (सीएलएम 5, लाहौल)

कोयनाकाठ विचारते:

नमस्कार मंडळी. मी हिमालयातल्या चंद्रा खोऱ्यावर पीएचडीचं काम करते आहे. सीएलएम 5 हे भू-मॉडेल वातावरणाच्या मॉडेलला न जोडता चालवते. हवामानाची माहिती एरा-5 लँडची, तासातासाची आणि साधारण 9 किलोमीटरच्या ग्रिडवरची. चाचणीसाठी 22 ते 24 सप्टेंबर 2018 हे तीन दिवस घेतले. तेव्हा मनाली-कुल्लूत मुसळधार पाऊस होऊन बियासला पूर आला होता. त्याच वेळी रोहतांगपलीकडे लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडून रस्ते बंद झाले, माणसं अडकली आणि शेतात उभा असलेला माल गेला. एका खिंडीच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे बर्फ, म्हणजे माझ्या प्रश्नासाठी याहून चांगले दिवस मिळाले नसते असं वाटलं.

अडचण अशी आहे. एकाच ग्रिड सेलमध्ये (जाळीच्या एका चौकोनात) हिमनदीचा स्तंभ (मॉडेल ज्या तुकड्याचा हिशोब वेगळा ठेवतं तो) आणि शेजारचा उघड्या जमिनीचा स्तंभ यांचं आउटपुट मी शेजारी शेजारी ठेवलं. दोन्हीकडचे हवा उणे 1 अंश असलेले तास काढले. जमिनीवर मॉडेलनं सगळा बर्फ टाकला आणि हिमनदीवर अर्धा पाऊस, अर्धा बर्फ. आधी वाटलं, मी स्तंभांचे क्रमांकच उलटे वाचले. चार वेळा तपासले, बरोबर आहेत.

हिमनद्यांना उंचीप्रमाणे वेगळं तापमान मिळावं म्हणून त्यांचं वर्तन मी 'मल्टिपल' केलं आहे. पाऊस-हिमाची फेरविभागणी चालूच आहे, ती मूळ मांडणीतच चालू असते. सोर्स कोडला हात लावलेला नाही.

मी कोयनानगरजवळ वाढले. आमच्याकडे वर्षाला 5000 मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि तो पाऊसच असतो, त्याचं दुसरं काही होईल हा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. इथं मात्र आभाळातून येणाऱ्या प्रत्येक मिलिमीटरचं नाव आधी ठरवावं लागतं, आणि ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. म्हणून विचारते: हा बग आहे की कुणीतरी मुद्दाम ठरवलेलं आहे? मुद्दाम असेल तर हिमनदीचे आकडे बदलून जमिनीसारखे करू का?

---

निरभ्र म्हणते:

बग नाही. सीएलएम 5 मध्ये विभागणी हवेच्या तापमानावरून सरळ रेषेत होते आणि तिच्या दोन जोड्या आहेत. साध्या जमिनीवर 0 अंशाखाली सगळं हिम, 2 अंशावर सगळा पाऊस आणि मधे प्रमाणशीर. हिमनदीच्या स्तंभांवर हीच रेषा दोन अंश खाली सरकवलेली आहे: उणे 2 खाली सगळं हिम, 0 वर सगळा पाऊस. उणे 1 हा बरोबर मध्य, म्हणून तुम्हाला अर्धं-अर्धं दिसलं. चारही आकडे नेमलिस्टमधून (सेटिंगच्या फाइलमधून) बदलता येतात, त्यासाठी कोड उघडायची गरज नाही. पण आत काय चाललंय ते पाहायचं असेल तर वातावरणाकडून जमिनीकडे माहिती आणणाऱ्या मॉड्यूलमधलं पार्टिशन-प्रेसिप हे सबरूटीन वाचा. लहान आहे, अर्ध्या तासात वाचून होईल.

आकडे बदलण्याआधी मात्र थांबा. मी नॉर्वेत याच मॉडेलवर काम करते. थंडीतल्या पावसाचे प्रश्न माझ्याकडे येतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते: थेंब की हिम, याचा निवाडा एकूण किती ठिकाणी होतो?

तुमच्या रनमध्ये तो तीन ठिकाणी होतोय. पहिल्यांदा एरा-5 मध्येच. तिथल्या मॉडेलनं ढगाच्या आतल्या भौतिकीवरून पाऊस किती आणि हिम किती हे वेगळं काढलेलं आहे. पण डीएटीएमला (सीएलएमला तयार हवामान पुरवणाऱ्या भागाला) तुम्ही बहुतेक एकूण वर्षाव तेवढा दिला असणार, म्हणजे ती माहिती दारातच टाकून दिली. मग डीएटीएम आपल्या हिशोबानं 0 ते 2 अंशांची रेषा लावतो. तिसऱ्यांदा सीएलएम पाऊस आणि हिम परत एकत्र करून स्वतःच्या रेषेनं वाटतो. जमिनीच्या स्तंभावर डीएटीएमची आणि सीएलएमची रेषा एकच आहे, त्यामुळे तिथं काही खटकत नाही. हिमनदीवर ती वेगळी आहे, म्हणून विसंगती नेमकी तिथं वर आली.

फेरविभागणी मुळात का घातली आहे हेही लक्षात घ्या. जोडून चालवलेल्या मॉडेलमध्ये वातावरणाला डोंगराची सरासरी उंची तेवढी दिसते. भू-मॉडेलमधल्या उंच स्तंभाचं तापमान किलोमीटरमागे 6 अंशांनी खाली आणलं आणि त्याच्यावर वातावरणानं पाठवलेला पाऊस तसाच पडू दिला, तर उणे 10 अंशाला पाऊस पडत राहील. म्हणून तापमान उतरवलं की विभागणीही नव्यानं करायची.

यात उष्णतेचा हिशोब येतो आणि बरेच जण तो विसरतात. एक किलो पाणी गोठताना सुमारे 334 किलोज्यूल बाहेर पडतात. दिवसाला 1 मिलिमीटर पावसाचं हिम केलं तर ते दर चौरस मीटरला 3.9 वॅट होतात, 10 मिलिमीटरला जवळजवळ 39 वॅट. ही छोटी रक्कम नाही. सीएलएम ती हवेत परत जाणाऱ्या संवेदी उष्णतेत जमा करतो आणि हिमाचा पाऊस केला तर तिच्यातूनच वजा करतो. उद्या तुम्ही स्वतःचा नियम लिहिणार असाल तर तो याच सबरूटीनमध्ये लिहा. पुढे कुठेतरी पाऊस-हिमाची अदलाबदल केलीत तर पाण्याचा ताळा जमेल, उष्णतेचा जमणार नाही, आणि मॉडेल तक्रार न करता चालत राहील.

आता मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या 'मल्टिपल'ची. हिमनद्यांच्या उंचीचे दहा वर्ग असतात. त्यांच्या मूळ सीमा मीटरमध्ये अशा आहेत: 0, 200, 400, 700, 1000, 1300, 1600, 2000, 2500, 3000 आणि शेवटची 10000. हे ग्रीनलंडला शोभतं, तिथला बर्फाचा माथा 3200 मीटरच्या आसपास संपतो. चंद्रा खोऱ्यात 3000 मीटरखाली हिमनदी आहे का? तिथल्या छोटा शिग्री हिमनदीचं तोंड 4050 मीटरच्या आसपास आणि तिचा माथा 6200 च्या पुढे. म्हणजे तुमची प्रत्येक हिमनदी, तोंडापासून माथ्यापर्यंत, शेवटच्या एकाच वर्गात कोंबली गेली आहे. दहा वर्ग चालू केल्याचं समाधान मिळालं असेल, पण हातात एकच स्तंभ आहे.

आणि एक विचारते, रागावू नका. डीएटीएमला डोंगराची उंची कुठली दिली आहे?

---

तासाचे_गणित म्हणतो:

मधेच एक. एरा-5 लँडचा वर्षाव तासाचा नसतो, मध्यरात्रीपासून साचत गेलेला असतो (मध्यरात्र यूटीसीची, आपली पहाटे साडेपाचची). आधीच्या तासाचा आकडा वजा केल्याशिवाय भरला असेल तर संध्याकाळी आणि रात्री भलताच वर्षाव दिसेल, आणि तीच थंड वेळ असल्यामुळे हिमाचं प्रमाण उगाच फुगेल. मी यात दोन महिने घालवले आहेत, म्हणून लिहिलं.

---

कोयनाकाठ म्हणते:

वजाबाकी केलेली आहे, पण तुम्ही लिहिल्यावर पुन्हा जाऊन पाहिली. धन्यवाद.

निरभ्रताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. उंचीचा स्ट्रीम मी बदललाच नव्हता. मूळ मांडणीसोबत येणारी फाइल तशीच आहे, साधारण एका अंशाच्या ग्रिडची. तुमचं उत्तर वाचल्यावर एका सेलचा हिशोब वहीत मांडला. एरा-5 लँडच्या मते त्या सेलची उंची 4700 मीटर आहे, आणि तापमान त्या उंचीचं आहे. मॉडेलला मात्र मी सांगतेय की हे तापमान 4200 मीटरवरचं आहे. हिमनदीच्या स्तंभाची सरासरी उंची 5200. खरं तर 500 मीटरचे 3 अंश उतरायला हवेत, मॉडेल 1000 मीटरचे 6 अंश उतरवतंय. म्हणजे सगळ्या हिमनद्या 3 अंशांनी जास्त गार. दोन अंशांच्या रेषेत तीन अंशांची चूक!

याचा अर्थ ज्या उणे 1 अंशावर मी अडून बसले होते, तो आकडाच खोटा होता. स्तंभ खरं तर 2 अंशांवर असायला हवा. दोन रात्री मी चुकीच्या तापमानाला बरोबर विभागणी शोधत होते.

आता उंचीची फाइल एरा-5 लँडच्याच भूविभवावरून (ज्यातून ग्रिडची उंची निघते) बनवते, आणि वर्गांच्या सीमा 4000 पासून 6400 पर्यंत टाकून सरफेस डेटा (जमिनीचं वर्णन असलेली फाइल) नव्यानं करते. मूळ प्रश्न उरतोच: हे सगळं नीट झाल्यावर उणे 2 ते 0 ठेवू की 0 ते 2? आणि हवेच्या तापमानाऐवजी वेट बल्ब (ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान) वापरावं असंही वाचलं आहे.

---

हिमकाठी म्हणतो:

मी मॉडेलवाला नाही. त्याच खोऱ्यात हिमनदीवर बांबूच्या काठ्या रोवून वितळण मोजायचं काम बरीच वर्षं केलं. मूळचा सिन्नरचा. रोहतांगखालचा बोगदा 2020 साली झाला, त्याआधी रोहतांग ओलांडून बातलला पोचेपर्यंत दिवस जायचा, आणि खिंड बंद झाली की पलीकडे अडकून राहायचं. सप्टेंबर 2018 मध्ये मी केलाँगला होतो. पहिल्या दिवशी पाऊस होता. रात्रीतून त्याचा आवाज बंद झाला तेव्हा कळलं की बर्फ सुरू झाला. सफरचंदं झाडावर होती. फळं आणि पानं दोन्ही झाडावर असताना बर्फ पडला तर फांदीला ते वजन पेलत नाही. बागवाल्यांच्या फांद्या मोडलेल्या मी सकाळी पाहिल्या.

तुम्ही विभागणी तपासायला मोजणीची आकडेवारी वापरणार असाल तर एक विनंती. टिपिंग बकेटच्या (भरली की कलंडणाऱ्या छोट्या वाटीच्या) पर्जन्यमापकावर भरवसा ठेवू नका. हीटर नसेल तर बर्फ वरच्या नरसाळ्यात बसून राहतो. दुसऱ्या दिवशी दहा-अकराला ऊन तापलं की वितळून बकेट टकटक वाजायला लागते. नोंद होते: हवा 5 अंश, पाऊस 8 मिलिमीटर, आभाळ निरभ्र! असल्या नोंदी गोळा करून कुणी उंबरठा काढला तर तो वाटेल तिथे जाईल. वारा असला तर बर्फ तोंडावरून उडून जातो, मापकात येतच नाही. बर्फाची जाडी वरून मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर जास्त खरं बोलतो, निदान बर्फ कधी सुरू झाला ते तरी कळतं. गोव्याच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेनं 2016 साली याच खोऱ्यात हिमांश केंद्र सुरू केलं. अशा ठिकाणची माहिती मिळवायचा प्रयत्न करा, खालच्या गावातल्या मापकावर थांबू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं: हिमनदीवर 0 अंशाला सगळा पाऊस पडताना मी पाहिलेला नाही. 2 अंशाला बर्फ पडताना कितीदा तरी पाहिला आहे. जून महिन्यात तर 3 अंशालासुद्धा.

---

निरभ्र म्हणते:

हिमकाठीदादा, 3 अंशाला बर्फ हे वेट बल्बवरून सरळ समजतं. थेंब किंवा पाकळी खाली येताना तिच्या पृष्ठभागावरून बाष्प उडतं आणि ती गार होते. हवा जितकी कोरडी तितकी जास्त गार. तुमच्या उंचीवर हवेचा दाब 650 हेक्टोपास्कलच्या आसपास धरते. हवा 3 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल तर वेट बल्ब उणे 0.3 येतो, म्हणजे पाकळी वितळायला कारणच नाही. तेच 3 अंश आणि आर्द्रता 95 टक्के असेल तर वेट बल्ब 2.6, तिथं बहुतेक पाणीच. दोन्ही वेळा हवा 3 अंश असल्यामुळे सीएलएम दोन्हीला पूर्ण पाऊस म्हणेल. उत्तर गोलार्धातल्या हजारो केंद्रांच्या नोंदींवरून 2018 साली असं निघालं की पाऊस आणि हिम निम्मं-निम्मं होतं ते तापमान सरासरी 1 अंश आहे, पण बहुतेक केंद्रांवर ते उणे 0.4 ते 2.4 असं पसरलेलं. कोरड्या, उंच, समुद्रापासून दूरच्या जागी ते वरच्या टोकाला जातं. लाहौल-स्पिती तसाच मुलूख आहे.

म्हणून कोयनाकाठ, उणे 2 ते 0 ही जोडी तुमच्या खोऱ्यासाठी मी ठेवणार नाही. आधी दोन्हीकडे 0 ते 2 करून एक रन घ्या, मग वेट बल्बचा दुसरा. पण एक पाहा: तुमचे सप्टेंबर 2018 चे तीन दिवस वेट बल्ब तपासायला उपयोगाचे नाहीत. तीन दिवस सलग ओल होती, हवा संपृक्ततेच्या जवळ असणार, आणि तिथं वेट बल्ब व साधं तापमान जवळपास एकच. फरक दिसेल तो जूनमधल्या दुपारच्या कोरड्या सरींत. चाचणीचे दिवस बदला, किंवा दोन्ही घ्या.

हे मी इतकं लावून का धरतेय तेही सांगते. उन्हाळ्यात हिमनदीच्या तोंडाकडचा भाग उघड्या बर्फाचा, मळकट. त्यावर चार बोटं ताजं हिम पडलं की ऊन परत फेकलं जातं आणि वितळण काही दिवस थांबते. छोटा शिग्रीच्या वर्षाच्या ताळेबंदात उन्हाळी हिमवर्षावाचा मोठा वाटा असल्याचं अभ्यासातून पुढे आलं आहे. मॉडेलनं त्याच सरीला पाऊस म्हटलं तर उघड्या बर्फावरून ते पाणी वाहून जातं, जमा काही होत नाही, वर ऊन शोषणं चालूच राहतं. एका नावाच्या चुकीचा दोनदा तोटा.

वर लिहायचं राहिलं: हिमनदीसाठी आणखी एक पर्याय आहे, थंडीतला पाऊस हिम न करता सरळ वाहून जाऊ द्यायचा. वातावरणाचं मॉडेल गारठ्यात फार पाऊस पाडत असेल तर हिमनदी खोटी फुगू नये म्हणून ती सोय आहे. तुमच्याकडे कारण नाही. त्याला हात लावू नका.

---

कोयनाकाठ म्हणते:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. सरफेस डेटा बनवण्यातच दहा दिवस गेले.

उंची दुरुस्त केल्यावर सगळ्यात मोठा फरक तिनंच पडला. उंबरठ्यांचा त्यानंतर, आणि सप्टेंबरच्या तीन दिवसांत वेट बल्बचा जवळजवळ काहीच नाही, ताई म्हणाल्या होत्या तसंच. हिमनदीचा आता तोंड, मधला भाग आणि माथा असा वेगवेगळा स्तंभ आहे. माथ्यावर सगळं हिम, त्यात कुठलाही नियम लावा, बदल नाही. भांडण सगळं तोंडाच्या एक-दोन वर्गांत आहे. जूनचे दिवस आता लावले आहेत, आणि तिथं वेट बल्ब आणि 0 ते 2 यांचे रस्ते खरोखर वेगळे होतात.

आता कोण बरोबर हे सांगायला मला डोळ्यांनी पाहिलेलं हवं आहे. हिमकाठीदादा, काठ्या मोजायला जायचात तेव्हा काय पडतंय हे कुठं लिहून ठेवायचात का? तारीख, वेळ आणि तीन शब्द असले तरी चालेल.

---

हिमकाठी म्हणतो:

आहेत. सहा वह्या, पेन्सिलीनं लिहिलेल्या, कारण थंडीत शाई गोठते. वेळ आणि थर्मामीटरचा आकडा बहुतेक ठिकाणी आहे. कोरड्या आणि ओल्या फडक्याचे दोन्ही आकडे फक्त शेवटच्या दोन वह्यांत.

अडचण एवढीच की शब्द माझे आहेत. 'पीठ' म्हणजे कोरडा, बारीक बर्फ, झटकला की उडतो. 'साबुदाणा' म्हणजे पांढरे टपोरे दाणे, तंबूवर ताडताड वाजतात, हातात लगेच वितळत नाहीत. जूनच्या दुपारी हेच जास्त. 'कापूस' म्हणजे मोठमोठ्या चिकट पाकळ्या, जॅकेटवर पडल्या की ओल उमटते. 'रबडी' म्हणजे अर्धं पाणी. आणि 'पाऊस'. शनिवारी फोटो काढून पाठवतो.

---

निरभ्र म्हणते:

दादा, कृपा करून सहाही वह्या पाठवा. पीठ हिम, पाऊस पाऊस, यात वाद नाही. साबुदाणाही हिमात धरायचा: दाणा जड, वेगानं खाली येतो, वितळायला वेळ मिळत नाही, म्हणूनच तो 3 अंशाला तुमच्या तंबूपर्यंत पोचतो. फक्त त्याची घनता सीएलएमच्या ताज्या हिमाहून वेगळी असेल. मूळ सूत्राचा तापमानाचा भाग 0 अंशाला घनमीटरमागे 149 किलो देतो आणि उणे 10 ला 69, वर वाऱ्याची भर. पाकळी की दाणा हे त्याला ठाऊक नाही.

कापूस म्हणजे वेट बल्ब शून्याच्या अगदी जवळ, पाकळ्या ओलसर होऊन एकमेकींना चिकटल्या की तशा मोठ्या होतात. माझ्या मते तोही हिमातच. रबडीचं मात्र तुम्ही दोघं ठरवा.

---

कोयनाकाठ म्हणते:

रबडी निम्मी धरते. पण दादा, शेवटच्या दोन वह्यांत जिथं ओल्या फडक्याचा आकडा आहे, तिथल्या रबडीच्या नोंदी आधी पाठवाल का? त्यांवरूनच मधली रेषा किती रुंद ठेवायची ते ठरेल.